मदत हवी आहे: डिस्कची इमेज रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट होते, पण काही फोल्डर उघडत नाहीत

डेबियन 12 (लिनक्स). मरायला टेकलेल्या 500 जीबी डिस्कची डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारं टूल) पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत नक्कल, काढली आहे. मूळ डिस्क आता ओळखलीच जात नाही, त्यामुळे या इमेजला धक्का लावायचा नाही. दुसरी कॉपी करायला जागा नाही, जेमतेम 80 जीबी मोकळी आहे.

लॉसेटअपला (इमेज फाइल डिस्कसारखी जोडणारी कमांड) -आर -पी देऊन पार्टिशन नीट दिसतात, म्हणजे ऑफसेटची भानगड नाही. दुसरं पार्टिशन ईएक्सटी4 (लिनक्सची फाइलसिस्टम) आहे, एन्क्रिप्शन किंवा एलव्हीएम नाही. नुसतं 'आरओ' देऊन माउंट केलं तर नकार. डीमेसेज (कर्नलचे संदेश) म्हणतो, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकव्हरी हवी पण लिहायची परवानगी नाही, 'नोलोड' (जर्नल न वापरता माउंट) वापरून बघा. 'आरओ,नोलोड'ने माउंट झालं, बराचसा डेटा काढलाही. पण नेमक्या फोटोंच्या फोल्डरवर 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग' येतं. ई2एफएससीके (ही फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारं टूल) फक्त -एन (काही न बदलता तपासणी) देऊन चालवलं, चुकांची लांबलचक यादी आली.

फोटोरेक (डिस्कवरून थेट फाइली शोधून काढणारं टूल) माहीत आहे, पण त्यात फाइलींची नावं जातात, म्हणून तो शेवटचा उपाय.

बदल वेगळ्या फाइलीत जातील असा थर इमेजवर चढवून त्यावर ई2एफएससीके चालवायचा विचार आहे. त्यासाठी डीएमसेटअपचा स्नॅपशॉट (लिनक्स कर्नलमधलाच असा थर) बरा की इमेजला बॅकिंग (आधाराची) फाइल करून क्यूकाउ2 (फक्त बदल साठवू शकणारा डिस्क-फाइलचा प्रकार) आणि क्यूएमयू-एनबीडी (ती फाइल डिस्कसारखी जोडणारं टूल)? आणि दुरुस्ती चालू असताना थराची जागा संपली तर मूळ इमेज शाबूत राहते ना?