शब्दचर्चा : पांढऱ्या वाघाला 'अल्बिनो' म्हणायचं का?

प्रश्न : इथे इंदूरच्या प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ बघताना लोक सर्रास 'अल्बिनो' म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता? 'वर्णहीन' की 'रंजकहीन'? एक काका 'कोड आलेला वाघ' म्हणाले, ते मला खटकलं.

उत्तर : ताई, खटकलं ते योग्यच. कोड जन्मानंतर केव्हातरी चट्ट्याचट्ट्यांनी उमटतं. वर्णहीनता म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसणं, ती जन्मतःच असते आणि सगळ्या अंगभर असते. पण हा वाघ वर्णहीनही नाही. त्याचे पट्टे बघा, काळे-करडे शाबूत असतात. डोळे निळे असतात, लालसर नाहीत. केसांतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, दोन जातींचं असतं, एक काळं-तपकिरी आणि दुसरं तांबूस-पिवळं. या वाघात दुसरं बनत नाही, म्हणून पट्ट्यांमधलं पिवळं अंग पांढरं होतं आणि पट्टे राहतात. २०१३ साली यामागचा जनुकातला बदल सापडला. हा गुण अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून यावा लागतो. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी १९५१ मध्ये पकडलेल्या 'मोहन' या पांढऱ्या वाघाची गोष्ट आपल्या मध्य प्रदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची जोडी पिवळ्या वाघिणीशी लावली तेव्हा बछडे पिवळेच झाले. पुढे त्याच्याच लेकीशी, राधाशी लावली, तेव्हा १९५८ मध्ये पांढरे जन्मले. ही रक्ताच्या नात्यातली पैदास पुढेही चालू राहिली आणि तिची किंमत त्या जनावरांनी मोजली. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, हे फलकावर ठळक लिहायला हवं.

उत्तर : एक भर. पांढरे वाघ बरेचदा तिरळे असतात. त्यांच्या डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणी वर्णहीन प्राण्यांसारखीच बिघडलेली असते. शिवाय त्याच जनुकातल्या दुसऱ्या बिघाडांनी माणसात वर्णहीनता येते. तेव्हा 'वर्णहीन नाही' हे बरोबर, पण 'काही संबंध नाही' असं म्हणू नये.

प्रश्न : मग पांढरा मोर? त्याचे डोळे तर लाल नसतात.

उत्तर : तो वर्णहीन नव्हे. पिसांत रंग उतरलेला नसतो, डोळ्यांत असतो. इंग्रजीवाले याला 'ल्युसिझम' म्हणतात. मी 'ढवळा' सुचवेन. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" यातला वाण म्हणजे रंगच. अंगावर पांढरे-काळे मोठे डाग असतील तर घोड्यांसाठीचा 'अबलख' तयार आहे. हरणालाही तो शोभतो. वर्णहीन हा शब्द फक्त तिथेच राखावा, जिथे कातडी, केस आणि डोळे सगळीकडे मेलॅनिन नाही.

उत्तर : काळ्या बाजूचंही ठरवा. काळा बिबट्या हा बिबट्याच, तिरप्या उन्हात त्याचे ठिपके दिसतात. त्याला 'कृष्णवर्णी' म्हणावं. ओडिशातल्या सिमिलिपालच्या 'काळ्या वाघा'ला मात्र तो शब्द लावू नये. त्याचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, मधून पिवळं डोकावतं. २०२१ मध्ये त्याचाही जनुक कळला, आणि तो रंगाचा नाही, नक्षी ठरवणारा आहे. त्याला 'दाटपट्टी' वाघ म्हणता येईल.

प्रश्न : 'दाटपट्टी' आवडला. फलकासाठी मराठी मजकूर लिहायला घेते. वाघासमोर 'पांढरा वाघ' एवढंच ठेवते, आणि खाली पट्ट्यांचं कारण.