सोसायटीची चावी कोणाकडे? बडोद्यातले अनुभव लिहा

कमिटी चांगली की वाईट, एवढंच नको. तिच्या एखाद्या निर्णयानं (किंवा तो न घेतल्यानं) तुमच्या घरात काय झालं, ते सांगा. वर आपल्या भागाचं नाव घाला. सुरुवात मी करते.

समा

ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि आमचं बेसमेंट भरलं. पाऊस आधीपासून कोसळत होता, आजवा धरणातून पाणी सोडल्याचंही सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, एवढंच काम होतं. पण लिफ्टरूमची चावी मंत्र्यांकडे (सेक्रेटरीला इथं मंत्रीच म्हणतात) आणि ते सुरतेला मुलीकडे. दुसरी चावी कोणाकडेच नाही. लिफ्ट खाली पाण्यात राहिली. टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरचं पॅनेल बेसमेंटमध्येच, तेही गेलं.

आम्ही सहाव्या मजल्यावर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. मी आणि भाऊ बादल्या वर चढवायचो, दर मजल्यावर टेकून हात बदलायचा. चौथ्या दिवशी लक्षात आलं, आई पाणीच पीत नाहीये. विचारलं तर म्हणाली, "तहानच नाही गं." सकाळी भरून ठेवलेला तांब्या रात्री तसाच होता. त्या तांब्याकडे बघून मला रडू आलं.

२०१९च्या पुरानंतर पॅनेल वर घ्यायचा विषय जनरल मीटिंगमध्ये निघाला होता. मतं पडली रंगकामाला. त्यात माझंही होतं, आणि ते मला अजून खातं. शेजारच्या सोसायटीनं तेव्हाच पॅनेल पहिल्या मजल्यावर, जिन्यात घेतलं होतं. वीज आली त्याच दिवशी त्यांची टाकी भरली. आमची अकरा दिवसांनी.

फतेगंज, भाड्यानं

आमच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप फक्त मालकांचा. 'गाड्या बाहेर काढा' हा मेसेज रात्री दहाला आला. आमचे घरमालक अमेरिकेत, त्यांनी तो दुसऱ्या दिवशी पाहिला. माझी ॲक्टिव्हा हँडलपर्यंत बुडाली. वॉचमननं एकदा बेल वाजवली असती तरी चाललं असतं.

भायली

नवी स्कीम, दुसऱ्याच पावसाळ्यात छत गळायला लागलं. कमिटीनं वॉटरप्रूफिंगसाठी घरटी आठ हजार काढायला सांगितले, निम्म्या लोकांनी दिलेही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका बेननं रेराचा, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणारा, कायदा छापून आणला. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि बिल्डरला कळवला, तर त्यानं ३० दिवसांत तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. पत्र गेलं, फोटो गेले. तीसचे सत्तर दिवस झाले, पण काम बिल्डरनंच केलं. पैसे परत मिळाले. इतकी साधी गोष्ट कमिटीतल्या सात जणांपैकी एकानंही वाचली नव्हती, याचा मला खरंच राग आहे.

मांजलपूर

मी तीन वर्षं खजिनदार आहे, म्हणून दुसरी बाजू. मी आले तेव्हा ४८ पैकी १७ घरांचा मेंटेनन्स थकलेला. लोक म्हणायचे, पैसे जातात कुठे? रास्त प्रश्न होता. मग दर महिन्याच्या पाच तारखेला मी हिशेब हातानं लिहून लिफ्टजवळ लावायला लागले: वॉचमनचा पगार, लिफ्टचा करार, कॉमन वीजबिल, टाकी सफाई, शिल्लक. बिलांच्या झेरॉक्स खाली टाचलेल्या. वर्षभरात थकबाकीदार तीन उरले. आधीच्या खजिनदार काकांना मात्र तो कागद स्वतःवरचा आरोप वाटला. गणपतीत आरतीला ते आले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आले, काकूंनी चहा दिला, काका बाहेर आलेच नाहीत.

फतेगंजवाल्या ताई किंवा दादा, तुमचं वाचून काल आमच्या ग्रुपवर नऊ भाडेकरूंना घेतलं. समाच्या ताईंचं वाचून लिफ्टरूमची दुसरी चावी करून वॉचमनच्या केबिनमध्ये टांगली. पॅनेल अजून खालीच आहे. येत्या रविवारी मीटिंग आहे, विषय पहिला तोच ठेवलाय.