चौथीपर्यंतच्या मुलांना वर्षाअखेर गमतीचे पुरस्कार द्यायचेत, कल्पना सुचवा

सड्यावरची_शाळा
नमस्कार. मी गुहागर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक, पट 17. 1 मे ला निकाल देतो त्याच सकाळी तासाभराचा कार्यक्रम करायचा विचार आहे, म्हणजे पालक आलेले असतातच आणि ऊन चढायच्या आत काजूवर, आंब्यावर जायला मोकळे. त्यात प्रत्येक मुलाला एक गमतीचा पुरस्कार द्यायचाय. सतराही जणांना, आणि प्रत्येकाचा वेगळा.
अडचण अशी की नेटवर शोधलं की "बेस्ट स्माईल", "सुपरस्टार", "गुड हॅबिट" असलंच सगळं येतं, ते आमच्या पोरांना लागू पण होत नाही आणि कोणालाही दिलं तरी चालेल असं असतं. मुलं हुशार असतात हो, उगाच दिलंय हे त्यांना लगेच कळतं. वर पालक विचारणारच की पहिला नंबर कोणाचा. खर्च म्हणाल तर कार्डशीट, स्केचपेन आणि वाडीत मिळेल ते. कार्यक्रमात मुलांकडून काय करून घ्यायचं तेही सुचवा, नाच आणि भाषणं सोडून.

देवगडचा_मास्तर
मॅडम, पुरस्काराचं नाव आधी ठरवून मग त्यात बसणारं मूल शोधायचं असं करू नका, उलटं करा. आत्ताच एक वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान, आणि घडलेली गोष्ट तारखेसकट लिहा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून, म्हणजे 2010 पासून, वर्णनात्मक नोंदी आपण करतोच, पण त्यात "उपक्रमात आनंदाने सहभागी होतो" हे एकच वाक्य अर्ध्या वर्गापुढे लिहिलेलं असतं, त्यातून पुरस्कार निघणार कसा? खरं घडलेलं लिहिलंत की नाव आपोआप सुचतं.
आमच्याकडचे सांगतो. तिसरीतल्या एका मुलाने विचारलं, ओहोटीला पाणी जातं कुठे? त्याला दिला "वर्षातला सगळ्यात भारी प्रश्न" आणि कार्डावर तो प्रश्नच मोठ्या अक्षरात लिहिला, त्याच्या नावापेक्षा मोठा. एक मुलगी पहिलीतल्या पोरांना जोडाक्षरं शिकवायची, पाटीवर अक्षर अर्धं पुसून दाखवायची, ती "छोट्या बाई". एक जण हातचा घ्यायला कायम विसरायचा, दिवाळीनंतर स्वतःच थांबून तपासायला लागला, तो "हातच्याचा पहारेकरी". परसबागेतल्या लाल माठाला न सांगता पाणी घालणारी "माठाची मालकीण". प्रत्येक कार्डावर पुरस्काराच्या नावाखाली दोन ओळी, काय घडलं त्याच्या. त्या दोन ओळी हाच खरा पुरस्कार, वरचं नाव फक्त गंमत.

साकवापलीकडे
वरचं पटलं. माझी एकच विनंती, शंभर टक्के हजेरीचा पुरस्कार ठेवू नका. आपल्याकडे जुलैत वहाळाला पाणी आलं की साकवावरून येणं धोक्याचं असतं, त्या दिवशी घरी थांबलेलं पोर शहाण्यासारखंच वागलेलं असतं. आणि हजेरी मोडू नये म्हणून अंगात ताप असताना पोरं येऊन बसतात, मग आठवड्याभरात अर्धा वर्ग आजारी. शिवाय लहान मुलाची हजेरी त्याच्या हातात असतेच कुठे, आई लावणीला गेली की धाकट्याला सांभाळायला कोण थांबतं ते तुम्हाला माहीत आहेच. त्यापेक्षा बुडालेला अभ्यास कोणी स्वतःहून विचारून भरून काढला असेल तर त्याचं कौतुक करा, मी तरी ते करतो.

वाचनपेटी
थोडं वेगळं सांगते, लांबलं तर माफ करा पण शिक्षकांनी हे माहीत करून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.
1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिनीचं सर्टिफिकेट मिळेल, काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक दिलं, आणि काहींना दिलंच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवून दिले. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती! अचानक मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे नुकसान सर्टिफिकेटने झालं नाही, "हे केलंस तर ते देईन" या कबुलीने झालं.
म्हणून मॅडम, एप्रिलभर वर्गात अजिबात सांगू नका की पुरस्कार आहेत. "नीट बसलास तर तुला पण मिळेल" हे तर चुकूनही नको.
दुसरं, कार्डावर "हुशार" हा शब्द टाळा. म्युलर आणि ड्वेक यांचा 1998 चा अभ्यास आहे पाचवीच्या मुलांवर. आकृत्यांची कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, तर हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, पुढची कामगिरी पण घसरली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. मास्तरांचा हातच्याचा पहारेकरी म्हणूनच मला फार आवडला, त्यात पोराने काय केलं ते आहे, पोर कसं आहे याचा शिक्का नाही.

मालवणी_पालक
मी शिक्षक नाय, पालक आसंय, पण लिवतंय. माझ्या चेडवाक गेल्या वर्षी बाईंनी "दशावतारी आवाज" पुरस्कार दिला, कारण गोष्ट वाचताना ती संकासुराचा, राजाचा, म्हातारीचा असे वेगवेगळे आवाज काढून वाचते. घरी आल्यावर आमच्या आईन विचारल्यान, "पयलो नंबर इलो काय गो?" तर तिने कार्डच वाचून दाखवलं, आवाजासकट. नंबराचं परत कोणी विचारलं नाही. पालक नंबर विचारतात कारण आम्हाला दुसरं काही सांगितलेलंच नसतं हो. म्हणून कार्ड नुसतं हातात देऊ नका, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि मूल उभं असताना वाचा.
आणखी एक, पोरांना पण कोणालातरी पुरस्कार देऊ दे. आमच्या शाळेत मुलांनी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना दिला, "उसळीत मीठ कधीच चुकलं नाही". मावशींना बोलायलाच सुचेना.

सड्यावरची_शाळा
वाचून खूप बरं वाटलं, सगळ्यांचे आभार. मावशींचं तर करणारच, आणि एसटीच्या कंडक्टर काकांचं पण, ते चौथीच्या दोघींसाठी गाडी थांबवून धरतात.
वही कालच काढली. पंधरा जणांच्या पानावर काही ना काही लिहून झालं, पण दोन पानं कोरी राहिली. दोघंही गप्प बसणारे, त्रास नाही, पुढे येणं नाही. त्यांच्याबद्दल काहीतरी छान पण खोटं लिहायचं नाहीये मला. काय करू?

देवगडचा_मास्तर
मॅडम, कोरी पानं आत्ता कळली ते बरं झालं, महिना आहे हातात. एक, अशी मुलं वर्गात दिसत नाहीत, मधल्या सुट्टीत दिसतात. आठवडाभर त्या दोघांवरच लक्ष ठेवा, कोणाबरोबर डबा खातात, काजूच्या बियांनी खेळताना नेम कसा धरतात, भांडण झालं की कुठे उभे राहतात. दोन, बाकीच्या मुलांना विचारा. मी चिठ्ठ्यांचा डबा ठेवतो, ज्याला कोणाचं चांगलं वागणं दिसलं त्याने लिहून टाकायचं, पहिलीवाल्यांनी चित्र काढायचं. असाच एक गप्प मुलगा होता आमच्याकडे, त्याच्याबद्दल चार चिठ्ठ्या निघाल्या, सगळ्यांत एकच, तो पेन्सिलीला टोक काढून देतो आणि परत मागत नाही. मला वर्षभर दिसलं नव्हतं कारण हे सगळं मागच्या रांगेत चालायचं. तीन, घरी जाऊन या. गप्प पोर घरी होडीचं जाळं विणत असतं किंवा गाईची धार काढत असतं.

कातळ_आणि_खडू
कार्यक्रमाचं मी सांगतो, रत्नागिरीहून. नाचभाषण नको म्हणालात म्हणून दोन गोष्टी, दोन्ही आमच्याकडे शनिवारच्या दप्तराविना तासात केलेल्या.
कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती माहीत असेल, साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. आपल्याकडची ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण आकडा सांगून मुलांना आकार कळत नाही. सुंभ घ्या, मीटरपट्टीने मोजून गाठी मारा आणि मैदानात तेवढा चौकोन आखा. मग आत चुन्याने नाहीतर भाताच्या तुसाने हत्ती काढायचा, चौथीने मापं, तिसरीने रेघ, लहानांनी त्या रेघेवर तूस टाकायचं. मैदान लहान असेल तर सगळं निम्मं करा, 9 बाय साडेसहा, निम्मं करण्यातच अर्धं गणित होतं. पालक त्या हत्तीत बसू देत, सगळा गाव मावतो.
दुसरं भरतीचं. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाऊणकीचा पाढा आता कोणी म्हणत नाही पण इथे तो लगेच उपयोगी पडतो. मुलांनी कॅलेंडरवरून त्या दिवसाची तिथी बघून वेळ काढायची आणि आलेल्या आजोबांना विचारून ताडून बघायची, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी भरती कशाला म्हणतात तेही आजोबाच सांगतील. आजोबा-पोरांची ही जोडी जमली की तुम्हाला कार्यक्रम चालवावाच लागत नाही. मास्तरांच्या त्या ओहोटीच्या प्रश्नाला पण हे छान जोडून येतं.

वाचनपेटी
हत्ती आम्ही पण करणार! फक्त पुरस्कार हत्ती काढायच्या आधी वाचा, नंतर मुलांचं लक्ष राहत नाही, अंगभर तूस झालेलं असतं.

साकवापलीकडे
मेडलसाठी कार्डशीट पण लागणार नाही. पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचं रुंद सालपट, भिजवून गोल कापा, वाळेपर्यंत वजनाखाली ठेवा, वर गेरूने लिहा, सुतळी ओवा. नारळाच्या हिरांनी फणसाची पानं टाचून मुकुट पण करता येतो, मोठी मुलंच लहानांना करून देतात. पानं मात्र त्याच दिवशी सकाळी काढा, आदल्या दिवशीची कडेने वळतात आणि हीर घातला की फाटतात.

सड्यावरची_शाळा
विरी शाळेमागेच पडलेल्या असतात, उद्या गोळा करते. मास्तर, चिठ्ठ्यांचा डबा आज ठेवला, दुपारपर्यंत नऊ चिठ्ठ्या आल्या आणि त्या दोघांपैकी एकाचं पान भरलं: तो रोज सगळ्यांच्या चपला पागोळीबाहेर ओळीने लावतो. दुसऱ्याच्या घरी रविवारी जाऊन येते.