घोळाच्या भाजीत खरंच ओमेगा ३ असतं का?

कोथरूडची_सून:
दीर नुकतेच ग्रीसला, क्रीट बेटावर जाऊन आले, तिथे सॅलडमध्ये टोमॅटो नि चीजबरोबर कसलीशी जाडसर पानं होती, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर तो चक्क आपला घोळ निघाला! तिकडे ग्लिस्त्रिदा म्हणतात म्हणे. आता ते म्हणतायत यात माशासारखं ओमेगा ३ (शरीराला लागणारी ती चांगली चरबी) असतं, रोज खा. आम्ही शाकाहारी, आणि गच्चीतल्या कुंड्यांमध्ये हा फुकट उगवतो, मी इतकी वर्षं उपटून फेकत होते 🤦‍♀️ हे खरंय का यातही काही घोळ आहे? आणि सासूबाईंना मागच्या वर्षी मुतखडा झालेला, त्यांना चालेल का?

गच्चीतला_माळी:
अर्धं खरंय. आर्टेमिस सिमोपुलोस म्हणून मूळच्या ग्रीक डॉक्टर आहेत, त्यांनी तिकडच्या मोकळ्या फिरणाऱ्या, घोळ वगैरे खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली तर त्यात ओमेगा ३ भरपूर सापडलं. घोळाची पानंही तपासली, 100 ग्रॅम ताज्या पानांत साधारण 300 ते 400 मिलिग्रॅम. पालेभाजीच्या मानाने हे खूपच आहे. पण हे एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा ३; माशातलं ओमेगा ३ म्हणजे ईपीए-डीएचए, ते वेगळं, आणि आपलं शरीर एएलएचं त्यात रूपांतर फार थोडं करतं. कोंबडीला ते आपल्यापेक्षा बरं जमतं 😄 शिवाय 10 ग्रॅम जवसाच्या पुडीत 2 ग्रॅमच्या वर एएलए असतं, तेवढ्यासाठी अर्धा किलोहून जास्त घोळ खावा लागेल. तेव्हा जवसाची चटणी करा आणि घोळ चवीसाठी खा.

वऱ्हाडी_पुणेकर:
आमच्याकडे याच्याच बारीक पानांच्या भावाला चिवळ म्हणतात, उन्हाळ्यात बेसन पेरून, लसूण घालून, आहाहा. इथे मंडईत क्वचित दिसते.
मुतखड्याचं मात्र सांभाळा हं, घोळात ऑक्झलेट (कॅल्शियमला चिकटून खडा बनवणारा क्षार) पालकासारखंच भरपूर असतं आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. आपली ताकातली भाजी किंवा तुर्की लोक दह्यात कालवतात ते, यात कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं त्यामुळे रक्तात कमी जातं. तरी सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

गच्चीतला_माळी:
+१. अजून एक, कुंडीत घोळासारखंच पसरणारं दुधी नावाचं तण (दुधी भोपळा नव्हे) पण उगवतं. देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ते अजिबात खायचं नाही. घोळाचा देठ लालसर, गुबगुबीत, चीक नाही. आणि रस्त्याकडेचा किंवा नदीकाठचा तोडू नका प्लीज.

कोथरूडची_सून:
चीक नाही, चेक केलं! पण सकाळी पान चावलं तर चिंचेसारखं आंबट आणि संध्याकाळी तेवढं नाही, असं कसं?

गच्चीतला_माळी:
पाणी कमी घालताय 😀 पाण्याची ओढ झाली की घोळ दिवसा पानाची छिद्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो, रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्ल म्हणून साठवतो, दिवसभरात ते वापरून संपवतो. भाजी कमी आंबट हवी असेल तर संध्याकाळी तोडा.

कोथरूडची_सून:
सासूबाई म्हणतात आंबटच बरा, ताक कमी लागतं. त्यांना देणार नाहीये तरी सल्ला चालूच.