शब्दचर्चा : काय-वर्ग कसोटीतला ‘सार्थक’ फरक

प्रश्न : एम.एड.च्या प्रबंधासाठी ५० मुलगे आणि ५० मुलींना विचारलं, ग्रंथालयात नियमित जाता का? मुलींपैकी ३० ‘हो’ म्हणाल्या, मुलग्यांपैकी २०. काय-वर्ग (chi-square, χ²) कसोटीचं मूल्य ४ आलं. मी ‘लक्षणीय फरक’ लिहिलं, मार्गदर्शकांनी ते खोडून ‘सार्थक फरक’ केलं. दोन्ही एकच ना? आणि उच्चार ‘ची’ की ‘काय’?

उत्तर : उच्चार ‘काय’. ग्रीक अक्षराचं नाव आहे ते. प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतली तफावत तपासणारी ही कसोटी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. मधली जोडरेघ मात्र गाळू नका.

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. ‘लक्षणीय’ म्हटलं की वाचकाला डोळ्यांत भरणारा, मोठा फरक वाटतो. फरक केवढा, हे ही कसोटी सांगतच नाही. मुळात फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त तफावत दिसण्याची शक्यता किती, इतकंच ती सांगते. ती ५ टक्क्यांहून कमी असली की ‘सार्थक’. तुमच्या दोन-बाय-दोन (मुलगे-मुली, हो-नाही) कोष्टकासाठी काय-वर्ग मूल्याची ही सीमा ३.८४ आहे; मूल्य त्याहून जास्त आलं की फरक सार्थक.

आता हीच टक्केवारी ५० विद्यार्थ्यांत आली असती तर मूल्य २, म्हणजे असार्थक. १,००० विद्यार्थ्यांत ४०. फरक तिन्हीकडे तोच, ६० विरुद्ध ४० टक्के! नमुना वाढवत नेला की किरकोळ फरकही सार्थक ठरतो. माझ्या मते या कसोटीची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. म्हणून सोबत फाय गुणांकही (संबंध किती घट्ट, हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) द्या. तो तिन्हीकडे ०.२ येतो, म्हणजे संबंध बेताचाच. शिवाय येट्सची दुरुस्ती (दोन-बाय-दोन कोष्टकात मूल्य थोडं कमी करणारी सुधारणा) लावली तर तुमचं ४ उतरून ३.२४ होतं आणि ‘सार्थक’ हा शब्दही हातचा जातो. कोणतं मूल्य घेतलं ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

आणखी एक मत : उणिवा खऱ्या, पण ही कसोटी नुसत्या मोजणीवर चालते. सरासरी नको, सामान्य वितरणाची (आकडे घंटेच्या आकारात पसरलेले असण्याची) अट नको. हो-नाही, रंग, जात, प्रकार अशा माहितीला दुसरं इतकं सोपं साधन नाही. आनुवंशिकतेचे संशोधक मेंडेल यांचे वाटाणे घ्या : ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. ३:१ प्रमाणे अपेक्षित ५,४९३ आणि १,८३१. मूल्य जेमतेम ०.२६, म्हणजे ३.८४ च्या सीमेहून खूपच कमी. इथेही शब्द जपून वापरावा. ‘गुणोत्तर सिद्ध झालं’ असं नाही, ‘गुणोत्तराशी विसंगती आढळली नाही’ असं लिहावं.

प्रश्नकर्ता : आभार. पुढच्या कोष्टकात आवडता साहित्यप्रकार आहे. काहींनी दोन-दोन प्रकारांवर खूण केली आहे. आकडे टक्क्यांत घालू का?

उत्तर : टक्के अजिबात नकोत, प्रत्यक्ष संख्याच घाला. आणि एक विद्यार्थी दोन रकान्यांत मोजला गेला, तर नोंदी स्वतंत्र राहत नाहीत. ते कोष्टक या कसोटीला चालणार नाही. प्रत्येक प्रकाराचं वेगळं हो-नाही कोष्टक करा. कोष्टकाच्या एखाद्या घरातली अपेक्षित वारंवारता (मुळात फरक नसता तर तिथे यायला हवी होती ती संख्या) ५ पेक्षा कमी आली, तर तिथे फिशरची अचूक कसोटी (लहान संख्यांसाठीची पर्यायी कसोटी) वापरा.