ग्लायोब्लास्टोमाकडून अल्झायमरकडे: पेशींच्या प्रयोगांत काय बदलावं लागेल?

पेशीजाल: पीएचडी ग्लायोब्लास्टोमावर (मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगावर) आहे. पेशी वाढवणं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखण्याची चाचणी), एमटीटी (जिवंत पेशींचा अंदाज देणारी रंगचाचणी), उंदरांतल्या गाठी एवढं येतं. आता तीन वर्षांच्या फेलोशिपवर अमायलॉइड-बीटामुळे (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या पेप्टाइडमुळे) न्यूरॉन का मरतात हा प्रश्न घेते आहे. सुरुवात एसएच-एसवाय५वाय या प्रयोगशाळेत वाढणाऱ्या मानवी पेशींवर करू की थेट उंदराच्या प्राथमिक (मेंदूतून ताज्या काढलेल्या) न्यूरॉनवर? आणि आधीचं काय जसंच्या तसं चालणार नाही?

सायनॅप्स२१: एसएच-एसवाय५वाय ही न्यूरोब्लास्टोमाची, म्हणजे चेतापेशींच्या कर्करोगाचीच पेशी. तशीच वापरलीत तर विभाजत राहणाऱ्या पेशीवरच प्रयोग होईल. ती न्यूरॉनसारखी व्हावी म्हणून मीडियममधलं (पेशी वाढवायच्या द्रावातलं) सीरम १ टक्क्यावर आणून १० मायक्रोमोलर रेटिनॉइक आम्ल ५-६ दिवस द्या, मग सीरमशिवाय ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर बीडीएनएफ (न्यूरॉन जगवणारं प्रथिन). रेटिनॉइक आम्ल उजेडात खराब होतं, नळीला फॉइल गुंडाळा. न्यूरॉनसारख्या न झालेल्या चपट्या, विभाजत राहणाऱ्या पेशी आठवड्याभरात प्लेट व्यापू लागतात, म्हणून पॅसेज (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) कमी ठेवा. शिवाय रेटिनॉइक आम्लच जगण्याचे संकेतमार्ग बदलतं, त्यामुळे विषारीपणाचे आकडे इथून घेऊन निष्कर्ष काढू नका. अँटिबॉडी, मात्रा, वेळ बसवायला ही पेशी उत्तम. उत्तर मात्र प्राथमिक न्यूरॉनमधूनच यायला हवं.

त्यासाठी गर्भाच्या १६-१७ व्या दिवसाचं कॉर्टेक्स घ्या. पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटवर पॉली-डी-लायसिनचा लेप ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर रात्रभर, मग पाण्याने तीनदा धुवा. न चिकटलेलं लायसिन न्यूरॉनना विषारी असतं आणि दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या मरतुकीचं हे नेहमीचं कारण. चौरस सेंटीमीटरला साधारण ५०,००० पेशी, न्यूरोबेसल (न्यूरॉनसाठीचं मीडियम) अधिक बी-२७ (त्यात घालायचं पोषक मिश्रण). कर्करोगाच्या पेशींची सवय असलेले हात मीडियम पूर्ण बदलतात. इथे दर ३-४ दिवसांनी फक्त अर्धं बदला, कारण पेशींनी स्वतः सोडलेले घटक त्यातच असतात. ग्लिया (न्यूरॉनच्या आधारपेशी) वाढू नये म्हणून तिसऱ्या दिवशी १-२ मायक्रोमोलर सायटाराबीन. ल्युकेमियाचं तेच औषध, म्हणून मात्रा वाढवलीत तर न्यूरॉनही जातील. सायनॅप्सबद्दल (न्यूरॉनमधल्या जोडांबद्दल) बोलायचं असेल तर कल्चरच्या १४ दिवसांच्या आधी प्रयोग करू नका.

एक गोष्ट सगळेच विसरतात: साध्या बी-२७मध्ये अँटिऑक्सिडंट असतात. ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायचा असेल तर ते नसलेलं बी-२७ घ्या, नाहीतर परिणाम झाकला जातो.

फॉर्मझान: वरच्या उत्तरात एमटीटी राहिलं. तुमची सवय अशी की संकेत घटला म्हणजे पेशी कमी झाल्या. न्यूरॉन विभाजत नाहीत, म्हणून इथे घट म्हणजे मृत्यू किंवा चयापचय मंदावणं, यांपैकी काहीही. त्यातही अमायलॉइड-बीटा फॉर्मझानचं (एमटीटीपासून पेशीत बनणाऱ्या रंगाचं) पेशीबाहेर जाणं वाढवतं, म्हणजे पेशी जिवंत असतानाही आकडा पडतो. एलडीएच (मरणाऱ्या पेशीतून बाहेर गळणारं विकर) आणि मॅप-२ (न्यूरॉनची ओळख पटवणारं प्रथिन) डागलेल्या न्यूरॉनची मोजणी सोबत हवीच.

अमायलॉइड-बीटा पेप्टाइडची तयारी ही दुसरी खोच. पावडर पाण्यात मिसळून वापरलीत तर नळीत काय आहे तेच कळत नाही. एचएफआयपीत (गुठळ्या मोडणाऱ्या, उडून जाणाऱ्या द्रावकात) विरघळवा, फ्यूम हूडमध्ये रात्रभर उडू द्या, उरलेली पातळ फिल्म उणे ८० अंशांवर. वापराआधी डीएमएसओ या द्रावकात ५ मिलिमोलर, मग फिनॉल रेड (रंगद्रव्य) नसलेल्या थंड एफ-१२ मीडियममध्ये १०० मायक्रोमोलर, ४ अंशांवर २४ तास: ऑलिगोमर (काही रेणूंचे छोटे पुंजके). तंतू हवेत तर १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर. दर खेपेला थोडा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

पेशीजाल: कंट्रोल काय घेऊ? नुसतं डीएमएसओ पुरेल?

फॉर्मझान: नाही. तेवढ्याच प्रक्रियेतून गेलेलं, पेप्टाइड नसलेलं द्रावण, आणि तीच अमिनो आम्लं उलटसुलट क्रमात असलेलं पेप्टाइड, दोन्ही घ्या. प्लेटच्या कडेच्या विहिरींत बाष्पीभवनाने क्षारांची तीव्रता वाढते आणि न्यूरॉन त्याला फार हळवे असतात. तिथे फक्त पाणी भरा.

हिप्पोकॅम्पस: वेळेचं गणितही करा. कवटीत टोचलेली मानवी गाठ उंदरात आठवड्यांत निकाल देते. ५एक्सएफएडी उंदरात (अल्झायमरची मानवी उत्परिवर्तनं घातलेल्या) अमायलॉइड साधारण दुसऱ्या महिन्यापासून दिसतं, पण वर्तनातले फरक तपासायला आणखी महिने थांबावं लागतं. नैतिक परवानगी आणि प्रजनन धरून तीन वर्षांत वयानुरूप प्रयोगाची एकच पूर्ण फेरी होईल, असं समजा. उंदरांची वसाहत पहिल्याच महिन्यात सुरू करा, पेशींचं काम त्या काळात उरकतं. कोणत्या गटाचा उंदीर आहे हे चाचणी घेणाऱ्याला कळता कामा नये.

आणि एन (आकडेवारीतली नमुनासंख्या) म्हणजे स्वतंत्र कल्चर. एकाच विच्छेदनातल्या तीन विहिरी म्हणजे एन एक, न्यूरॉन शंभर मोजलेत तरी.

ग्लायोब्लास्टोमाचं ज्ञान टाकून देऊ नका. पिंक-१ हे जनुक २००१ मध्ये कर्करोगाच्या पेशींत पीटेनमुळे (गाठी रोखणाऱ्या जनुकामुळे) वाढणारं म्हणून नोंदलं गेलं, आणि २००४ मध्ये त्यातल्या उत्परिवर्तनांमुळे आनुवंशिक पार्किन्सन होतो हे दिसलं. पीटेन-एकेटी या पेशींच्या वाढीच्या संकेतमार्गावर तुमचा हात बसला असेलच. टाऊवर (अल्झायमरमध्ये न्यूरॉनच्या आत गुंता करणाऱ्या प्रथिनावर) फॉस्फेट चढवणारं जीएसके-३ बीटा हे विकर त्याच मार्गावर येतं, तिथून प्रश्न बांधा. फक्त टाऊचे नमुने घेताना उंदराला भूल देऊन थंड पडू देऊ नका, तापमान घसरलं की टाऊवरचं फॉस्फेट वाढतं. फॉस्फेटेज रोधक (फॉस्फेट निघून जाऊ न देणारे) ऊती फोडण्याच्या बफरमध्ये आधीच घाला.