मदत हवी आहे : जपानी घरातली जेवणाची मेजं

मंडळी, पुण्यात जपानी शिकतेय. वर्गात दहा मिनिटं बोलायचंय, विषय घेतलाय जेवणाच्या मेजाचा. जपानमध्ये राहिलेल्या कुणाची मदत मिळेल का?

सुरुवात 'हाकोझेन'पासून करतेय. म्हणजे प्रत्येकाची स्वतःची लाकडी पेटी. आत वाटी, चॉपस्टिक्स. झाकण उलटं ठेवलं की तेच ताट ठेवायचं तबक. जेवण झालं की वाटीत गरम पाणी किंवा चहा ओतून, विसळून, ते पिऊन टाकायचं आणि भांडी परत पेटीत! रोज घासायची भानगडच नाही. (हे आईला सांगितलं, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.)

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांत 'चाबुदाई' पसरलं. बुटकं मेज, पाय दुमडणारे. सगळे एकाच मेजाभोवती, आणि रात्री ते भिंतीला टेकवून तिथेच गाद्या. पुढे 1955 मध्ये सरकारी गृहनिर्माण महामंडळ निघालं, त्याच्या इमारतींमध्ये स्वयंपाकघरातच जेवायची जागा आली आणि टेबल-खुर्च्या रुजल्या. तोशिबाचा विजेवरचा राईस कुकरही 1955 चाच.

आता अडलंय ते असं : पेटीकडून एका मेजाकडे जाताना घरातलं बोलणं खरंच बदललं का? कुणाच्या ओळखीच्या जपानी आजी-आजोबांनी काही सांगितलंय का? टोकियोच्या ओता भागातलं शोवा काळातल्या (1926 ते 1989) राहणीचं संग्रहालय कुणी पाहिलंय? आणि हाकोझेनला मराठीत काय म्हणू? 'जेवणपेटी' म्हटलं तर सगळ्यांना डबाच आठवतोय.